नानांच्या दंडावरची देवी

परभणीत वसमत रोडच्या कडेला बापूचं सलून. समोर नालीवर टाकलेली फरशी, तोच आमचा कट्टा. मंगळवारी संध्याकाळी तिथं आवाज चढला, कारण आखातातून सुट्टीवर आलेल्या एका ड्रायव्हर पोराची दाढी करायला बापूनं नकार दिला होता. पोराच्या हनुवटीवर चार-पाच फोड होते. पोरगं गेलं नव्हतं. रस्त्यापलीकडं गाडीवर बसून सगळं ऐकत होतं.

"मंकीपॉक्स हाय ते. ग्रुपवर फोटो आलाय," बापू म्हणाला.

"माकडं तर रोज आमच्या गच्चीवर येतेत. आमाला कामून न्हाई झाला?" दाजी म्हणाले. दाजी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर.

मी म्हणलं, नावावर जाऊ नका. 1958 साली कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतल्या माकडांत हा विषाणू सापडला, म्हणून बिचाऱ्या माकडाचं नाव चिकटलं. माणसात पहिल्यांदा 1970 साली काँगोत दिसला, तेही नऊ महिन्यांच्या लेकरात. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नावच बदलून एमपॉक्स केलं. (ही सगळी अक्कल उसनी. घरवाली आरोग्य सेविका आहे.)

"म्हंजी आपल्या लम्पीचा भाऊ?" दाजींना अंगावर गाठी आलेले बैल आठवले असणार.

लांबचा चुलत. लम्पी माणसाला होत नाही. एमपॉक्सचा सख्खा भाऊ म्हणजे देवी.

'देवी' म्हणताच नानांनी सदऱ्याची बाही वर सारली. दंडावर दोन गोल वण, आठाण्याएवढे, मधून चुरगळलेले. "आमच्या देवी काढल्यात लेको. आमाला काय होत न्हाई."

मेडिकलवाला मामा कसा मागं राहील? त्यानंही शर्ट खांद्यावरून उतरवला. "ही बघा माझी." मामाचा जन्म 84 चा. देशातला देवीचा शेवटचा रोगी 1975 चा, आणि 1980 साली जगातूनच देवी गेल्याचं जाहीर झालं. मामाच्या खांद्यावर होती ती टीबीच्या लशीची, बीसीजीची खूण. इतकी वर्षं हा माणूस ती देवीची म्हणून मिरवायलाय. कट्टा पाच मिनिटं नुसता हसत होता.

नानांचं मात्र निम्मं खरं होतं. देवीच्या लशीनं एमपॉक्सलाही बरीच आडकाठी होते. पण लस टोचून पन्नास-साठ वर्षं झाली की जोर ओसरतो. 2022 च्या साथीत वण असलेल्या लोकांनाही तो झालाच.

मामानं चिडून दुसरा विषय काढला. "कांजिण्याच्या गोळ्या देतो की. नाहीतर मलम."

इथं मात्र मी भांडलो. कांजिण्यांवरची असायक्लोव्हिर या विषाणूवर चालत नाही. टेकोव्हिरिमॅट नावाच्या औषधाची काँगोत नीट चाचणी झाली. त्यानं फोड काही लवकर भरले नाहीत. पण त्या चाचणीत दवाखान्यात ठेवून खाणंपिणं, ताप, जखमा सांभाळलेल्या लोकांत मृत्यू 1.7 टक्के निघाले, तर बाहेर देशभर 3.6 टक्के आणि वर. म्हणजे जीव वाचला तो देखभालीनं. ते काम मामाच्या काउंटरवर व्हायचं नाही.

"पण हा रोग तसलाच हाय म्हणे," बापू हळूच म्हणाला. सगळे रस्त्यापलीकडं बघायला लागले.

संबंधातून पसरतो, खोटं नाही. पण कातडीला कातडी लागली तरी पुरे. एकाच अंथरुणात झोपलं, रोग्याचा टॉवेल वापरला, फार वेळ तोंडाजवळ तोंड आणून बोललं, तरी होतो. लेकराला आईकडून होतो. आपण 'तसला' म्हणतो आणि माणूस फोड झाकून घरात बसतो. घरात बाकीच्यांना मग कोण वाचवणार?

नाना म्हणाले, आमच्यात माता आली की दाराला लिंबाचा डहाळा लावायचे, परका आत येत नव्हता. त्यातलं वेगळं ठेवणं मला पटतं. खपल्या पडून खाली नवी कातडी येईपर्यंत, दोन ते चार आठवडे, तसंच राहावं लागतं. डॉक्टरला न दाखवता नुसता डहाळा लावायचा, ते पटत नाही.

शेवटी घरवालीला फोन लावला, स्पीकरवर. तिनं विचारलं, "तळहातावर, तळपायावर आहेत का? कांजिण्या तिथं सहसा येत नाहीत. फोड सगळे एकाच वयाचे आहेत का काही नवे, काही वाळलेले? ताप होता का? गळ्यात, काखेत, जांघेत गाठी?"

दाजी रस्त्यापलीकडं ओरडले, "जांघेत गाठ हाय का रे?"

फोनमधून आवाज आला, "तुम्हाला काही लाज? त्याला माझा नंबर द्या."

पोरगं लिंबाच्या झाडाखाली जाऊन दहा मिनिटं बोललं, मान हलवत. मग रुमाल तोंडाला बांधून सिव्हिलकडं गेलं. फोडातला नमुना घेऊन पीसीआर केल्याशिवाय कुणीच काही ठरवू नये, एवढंच तिनं मला सांगितलं. बाकी काय बोलणं झालं ते माझ्याही कानावर घातलं नाही, आणि बरंच केलं.

बापू आत गेला. खुंटीवरचा टॉवेल काढून नाकाशी धरला, तोंड वाकडं केलं.

"बापू," नाना गालावरून हात फिरवत म्हणाले, "दुपारी माझी दाढी झाल्यावर ह्यानंच पुसलंस ना?"

"व्हय."

"आन् माझ्या आधी?"

बापूनं टॉवेल बादलीत टाकला आणि साबण शोधायला लागला.