तणाचे लाड

इंदुरात सकाळी कचऱ्याची गाडी आली की अंगणातलं उपटलेलं तण ओल्या कचऱ्यात जातं. २०१७पासून स्वच्छतेत पहिल्या नंबराची सवय लागलेल्या या शहरात तेच तण कुंडीत लावून बैठकीत ठेवणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते सांगायला नको. बघू देत. खरी पंचाईत वेगळीच असते. गटाराच्या कडेला, फरशीच्या फटीत, कुणी थेंबभर पाणी न घालता फोफावलेली घोळ घरात आणली की आठवडाभरात मान टाकते. मग शेजारच्या काकू विचारतात, "अहो, तण कसं मरेल?"

मरतं, काकू. आधी मरतं ते उजेडावाचून. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. सोफ्यामागच्या कोपऱ्यात तो काहीशे लक्सवर येतो. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून खोली लख्ख वाटते, पण घोळीला असली तडजोड जमत नाही. ती उजेड शोधत लांबते, दोन पानांमधलं अंतर वाढतं, देठ पांढरट पडून लोळतो. मनी प्लँट आणि मंडळी मुळातच जंगलाच्या सावलीतली, म्हणून घरात तग धरतात. तण उघड्यावरचं. आपण ज्याला काटकपणा म्हणतो, तो बराचसा उन्हाचा प्रताप.

तेव्हा दक्षिणेची किंवा पश्चिमेची खिडकी, आणि कुंडी काचेला खेटून. खिडकी नसेल तर २० वॉटची पांढरी एलईडी पट्टी रोपाच्या शेंड्यापासून सहा ते बारा इंचांवर, रोज चौदा तास. महिन्याला साधारण साडेआठ युनिटं जळतात. फुकट उगवणाऱ्या वनस्पतीचं वीजबिल भरण्यात एक वेगळाच रुबाब आहे, असं माझं मत.

उपटून आणायचं असेल तर श्रावणात, सर पडून गेल्यावर, संध्याकाळी. रोप तीन-चार इंचांचं, फुलं न आलेलं निवडावं. फुलावर आलेलं वर्षायू तण आणू नये. त्याने आवराआवर सुरू केलेली असते, बी धरून ते जाणारच. खुरप्याने पाच-सहा इंचांचा मातीचा गड्डा काढावा, सोटमूळ तुटू देऊ नये, वरचा एक तृतीयांश शेंडा छाटावा आणि आठवडाभर सावलीत ठेवून मगच खिडकीत न्यावं. पुनर्नवेच्या नादी लागू नका. तिचं मूळ कुठवर गेलंय ते तिलाच ठाऊक.

याहून सोपा उपाय म्हणजे मोकळ्या प्लॉटवरची मूठभर वरची माती आणून ट्रेमध्ये पसरायची आणि ओली ठेवायची. काय उगवेल ते नशीब. वर मातीचा थर मात्र देऊ नका. पुष्कळ तणांच्या बियांना रुजायला उजेड लागतो, पुरलेली बी वर्षानुवर्षं झोपून राहते. फक्त गाजरगवत उगवलं तर लगेच काढा, तेही हातमोजे घालून. त्याने त्वचेला खाज सुटते, परागांनी दमाही उसळतो. १९५०च्या दशकात ते पुण्यात दिसलं आणि मग देशभर पसरलं. आमचे पूर्वजही तिकडूनच आलेले, त्यामुळे फार बोलत नाही.

माळव्याची काळी माती नुसती वापरू नका. ओली असताना ती फुगून चिकट होते. वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खालच्या ताटलीत, आणि मुळं कोरडीच. काळी माती एक भाग, जाड वाळू एक भाग, कुजलेलं शेणखत अर्धा भाग पुरे. जास्त खत, कमी उजेड म्हणजे लुसलुशीत रोप आणि त्यावर मावा कीड.

घरात खरा टिकतो तो केना. नर्सरीत टांगत्या कुंडीत विकतात त्या पट्टेरी पानांच्या ट्रॅडेस्कॅन्शियाच्याच कुळातला, पण गरीब नातेवाईक म्हणून दाराबाहेर. चार इंचांचे चार-पाच तुकडे घ्या, खालची पानं काढा, दोन पेरं मातीत जातील असे सहा इंची कुंडीत खोचा. पेरांना मुळं भराभर फुटतात. पूर्वेची खिडकी चालते. शेंडे खुडत राहिलं की दाट होतो, आणि खुडलेल्याची भजी करता येतात, अर्थात तुकडे गटाराकाठचे नसतील आणि त्यांवर औषध मारलं नसेल तर. निळी फुलं दुपारी मिटतात. ती सगळी खुडली म्हणून निश्चिंत होऊ नका, केना जमिनीखालीही न उमलणारी फुलं धरतो आणि तिथेच बी करतो.

बाहेरून आणलेलं काहीही पंधरा दिवस वेगळं ठेवा. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण असतो, आणि तो आधी महागड्या झाडाकडेच जातो. लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल, दोन-चार थेंब साबण, दर आठवड्याला, संध्याकाळी.

राहिली आंबुशी. दिसायला गोड, रात्री पानं मिटून झोपते. तिच्या शेंगा हिरव्या असतानाच कात्रीने काढायच्या. पिकल्या की हात लागताच फुटतात आणि बी दोन-तीन फूट सहज उडतं. पुढच्या महिन्यात आंबुशी चारशे रुपयांच्या फिलोडेंड्रॉनच्या कुंडीत उगवते, कोणी न लावता, बिनादिव्याची, आणि चांगली धष्टपुष्ट.