जपायचं काय त्यात?

"मामा, जुने सिनेमे सगळे यूट्यूबवर आहेत. ज्याला बघायचेत तो बघतो. जपायचं काय त्यात?"

ऑक्टोबरच्या शेवटी घरच्या ग्रुपवर भाच्याने हे लिहिलं आणि माझं डोकंच फिरलं. वाद खरं तर वेगळाच चालला होता. एका नव्या मराठी चित्रपटाचे खेळ आठवडाभरात निम्म्यावर आले, म्हणून सगळे तापले होते. मल्टिप्लेक्सवाल्यांवर सक्ती करा, प्राइम टाइम द्यायलाच लावा. २०१५ साली सरकारने तशी घोषणा केली तेव्हाही हेच सगळं याच शब्दांत झालं होतं. मी मध्येच लिहिलं, नव्यासाठी जरूर भांडा, पण जुनं आपण किती जपलं तेही एकदा बघा. त्यावर हे उत्तर.

मी ठरवलं, नोव्हेंबरभर रोज एक जुना मराठी चित्रपट बघायचा, आणि तो म्हणतो तसाच, यूट्यूबवर. बर्लिनमध्ये नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो. फायरआबेंड झाला, म्हणजे काम सुटलं, की श्पेटीवरून, म्हणजे उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातून, काहीतरी उचलायचं आणि घर गाठायचं, एवढंच उरतं. तीसपैकी तेवीस बघून झाले.

सुरुवात 'कुंकू'ने केली. १९३७ सालचा, शांतारामबापूंचा. म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात फसवून बांधलेली नीरा, आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिचा जन्म इथलाच. तिला मराठी समजतं, पण उत्तरं ती जर्मनमध्ये देते. शांता आपट्यांना पाहून ती सोफ्यावर येऊन बसली आणि शेवटपर्यंत हलली नाही. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. गाणं असेल तर तिथेच कुणीतरी गातंय, नाहीतर ग्रामोफोन लागलाय. बाकी सगळे आवाज घरातले आणि रस्त्यावरचे. त्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ तर एक पात्रच आहे. आणि आमच्यासमोरच्या प्रतीत घड्याळाची टिकटिक कुठली आणि खरखर कुठली हेच कळत नव्हतं. माणसांच्या हनुवट्या कापलेल्या. कोपऱ्यात चॅनेलचा शिक्का, तो नीरा खाली बसली की बरोबर तिच्या कपाळावर येतो. 'कुंकू' नावाच्या चित्रपटात तिचं कपाळ दिसत नाही! एका प्रसंगात ऐन मोक्यावर टूथपेस्टची जाहिरात आली, तेव्हा पोरीने विचारलं, "बाबा, याची नीट कॉपी कुठे आहे?"

हेच मला भाच्याला सांगायचं होतं. 'आहे' आणि 'नीट आहे' यात फरक आहे.

फेब्रुवारी २०१० मध्ये मी इथे नवा होतो. 'मेट्रोपोलिस' या १९२७ सालच्या मूकपटाचा हरवलेला भाग २००८ साली ब्यूनोस आयर्सला सापडला होता. ओरखड्यांनी भरलेली प्रत, जणू पाऊस पडतोय. लोकांनी ती घासूनपुसून मूळ चित्रपटात बसवली आणि फ्रीडरिशश्टाटपालास्ट या इथल्या मोठ्या नाट्यगृहात ऑर्केस्ट्रासह दाखवली. त्याच वेळी ब्रांडेनबुर्ग गेटवर पडदा लावून बाहेरही. मी त्या थंडीत उभा होतो. पायाची बोटं बधिर झाली होती, पण लोक हलत नव्हते. बाबिलोन या जुन्या थिएटरात आजही शनिवारी मध्यरात्री मूकपट लागतो, खाली ऑर्गन वाजत असतो आणि तरुण पोरं बिअरच्या बाटल्या घेऊन बसलेली असतात. तिथे कुणी म्हणत नाही की जपायचं काय त्यात.

आमच्या ग्रुपवर लगेच कुणीतरी म्हणालं, त्यांच्याकडे पैसा आहे. पैसा आहे, मान्य. पण युद्धात शहर बेचिराख झालेल्या लोकांनी हे केलं, हेही मान्य करा. आणि आपल्याकडे माणसं नव्हती असंही नाही. पुण्याचं चित्रपट संग्रहालय १९६४ सालचं, आणि पी. के. नायरांनी एकेक रीळ अक्षरशः दारोदार फिरून गोळा केलं. जानेवारी २००३ मध्ये तिथल्या नायट्रेट रिळांना, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मला, आग लागली आणि प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात शेकडो चित्रपटांची रिळं जळाली.

आपल्या चित्रपटांना मी इथे कुणाहून कमी लेखू देत नाही. एका शनिवारी 'द ब्लू एंजल' हा जुना जर्मन चित्रपट आणि आपला 'पिंजरा' लागोपाठ पाहिले. शांतारामबापूंनी कथेचा सांगाडा तिथूनच उचलला, हे उघड आहे. पण मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभा राहतो आणि गावातला आपला पुतळा वाचवण्यासाठी ती शिक्षा पत्करतो, हे जर्मन चित्रपटात कुठे आहे? तिथला प्रोफेसर शाळेत परत जाऊन आपल्या टेबलावर मान टाकतो, संपलं. माझ्या मते आपला शेवट जास्त मोठा आहे. ऑफिसातल्या एकाला हे मी तावातावाने सांगितलं, आणि हेही सांगितलं की जब्बार पटेलांचा 'सामना' १९७५ साली इथल्याच बर्लिन चित्रपट महोत्सवात स्पर्धेत होता. तो म्हणाला, मग बघूया की, कधी दाखवतोस? इंग्रजी सबटायटल्स असलेली बरी प्रत मी दोन आठवडे शोधली. मला मिळाली नाही. डॉ. लागू आणि निळू फुले समोरासमोर बसलेत, तेंडुलकरांची एकेक ओळ सुरीसारखी, आणि ते मी त्याला तोंडी सांगत बसलो. फार लागलं ते मला.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. बरंच लांब झालं. भाच्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: "मामा, तुम्ही पुण्यात असताना संग्रहालयात किती वेळा गेला होतात?"

एकदाही नाही. आमचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. लॉ कॉलेज रोडवरून रोज सायकलने जायचो. ती आग लागली तेव्हा मी पुण्यातच होतो. सकाळी चहा पिताना पेपरात बातमी वाचली आणि पान उलटलं. २००८ साली निघालो, तोवर 'संत तुकाराम' मी पूर्ण पाहिलेलाही नव्हता.

तो राहिला शेवटी, महिन्याच्या अखेरच्या रविवारी. घरात कुणी नव्हतं. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली गाजलेला चित्रपट, पागनीसांचा तुकाराम, हे सगळं डोक्यात घेऊन बसलो होतो. पण मी बघत राहिलो ती गौरीबाईंची आवली. तिची म्हैस, तिची पोरं आणि थेट विठोबाला घातलेल्या शिव्या. आवाज चढवून बोलते आणि पुढच्याच क्षणी जेवायला वाढते. माझी आई हुबेहूब अशीच बोलायची. हल्ली ती फार बोलत नाही. मग शेवट आला. वरून विमान येतं, तुकोबा वैकुंठाला निघतात, गाव हात जोडून उभं राहतं. आवली खालीच राहते.

हा शेवट मला गोष्ट म्हणून लहानपणापासून माहीत होता. मी नेहमी वर बघायचो, विमानाकडे. यावेळी नजर खालून हलेना. आईला दर महिन्याला डॉक्टरकडे नेतो तो भाचा. तिच्या गोळ्यांचा डबा रविवारी भरतो तो भाचा. लिफ्ट बंद असली तर तिला तीन मजले धरून उतरवतो तो. आणि जपायचं कसं हे मी त्याला बर्लिनमधून शिकवत होतो.

त्याला फोन केला. हे सगळं काही बोलता आलं नाही. प्रतींबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेतलं नाही, कारण ते खरंच आहे. एवढंच म्हटलं की डिसेंबरात तीन आठवडे येतोय, डॉक्टर आणि गोळ्या तेवढे दिवस माझ्याकडे.

तो थोडं थांबला. मग म्हणाला, "आजीला परवा 'तुकाराम' लावून दिला होता, मामा. मोबाइलवरच. आवली बोलायच्या आधी ती ओठ हलवत होती."

"ऐकू येत होतं तिला?"

"खरखर फार आहे," तो म्हणाला. "संग्रहालयात मोठ्या पडद्यावर कधी लावतात का, विचारून ठेवतो."