छप्पर बर्फासाठी नाही, लाकडासाठी

कॉर्निश-विंडसर पुलाच्या फोटोखाली सध्या एक मजकूर फिरतोय: ‘बर्फाच्या भाराने पूल मोडू नये आणि घोडे पाणी पाहून बुजू नयेत, म्हणून वर छप्पर घातलं.’ मूळ कारण हे नाही.

अमेरिकेत न्यू हॅम्पशर आणि व्हर्मांट यांच्यामध्ये कनेक्टिकट नदीवर १८६६ साली हा लाकडी पूल बांधला. बर्फाचं म्हणाल तर उलट हिवाळ्यात अशा छपराच्या पुलांच्या आत मुद्दाम बर्फ आणून पसरत, कारण कोरड्या फळ्यांवर घसरगाडी ओढली जात नसे!

छप्पर आणि बाजूच्या फळ्या वाचवतात ती दोन्ही कडांची जाळीदार कैची, म्हणजे लाकडं जोडून केलेली उभी चौकट. पुलाचा सगळा भार तिच्यावर. अमेरिकी वास्तुविशारद इथायल टाउनने १८२० मध्ये पेटंट घेतलेल्या या पद्धतीत तिरके लाकूड एकमेकांवर फुलीसारखं येतं आणि प्रत्येक फुलीत लाकडी खुंट्या ठोकतात. पाणी शिरतं ते नेमकं तिथंच, खुंटीच्या भोकातून आणि लाकडाच्या कापलेल्या टोकातून. सांध्यात शिरलेलं पाणी लवकर वाळत नाही. ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी धरत नाही. वर टिकून राहिला की लाकूड आतून कुजतं, बाहेरून धड दिसत असतानाच.

आधी कुजतात खालच्या तुळयांची टोकं, जिथं ती दगडी आधारावर टेकतात आणि माती-पाचोळा साचतो. म्हणून छपराइतकीच ती जागा झाडून कोरडी ठेवणं महत्त्वाचं.

पुरापुढे मात्र छप्पर काही करू शकत नाही.