चुंबकाच्या भरवशावर राहू नका
जुने चांदीचे रुपये खरे की नकली हे ओळखण्यावरचा लेख छान आहे पण चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे चांदी, हे त्यातलं काही पटलं नाही. जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू) पण चिकटत नाही आणि त्यात चांदीचा कणही नसतो. आमच्या इंदूरला धनतेरसला पूजेसाठी राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया, घ्यायची पद्धत, सराफ्यात एकाकडून मी १ घेतला होता, चुंबकात पास, घरी दागिन्यांच्या काट्यावर ठेवला तर १० ग्रॅमपण भरेना! खरा रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजून झिजून थोडा कमी होईल, पण इतका? आजीच्या डब्यातला शेजारी ठेवला तेव्हा दिसलं की माझ्याच्या कडेवरचे दाते बोथट आणि मधून बारीक रेघ गेलीये, म्हणजे साच्यात ओतलेला.

वजन बरोबर असलं तरी एक करा, काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा आणि नाणं दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. आकडा १.१ ग्रॅमच्या आसपास आला तर ठीक, जर्मन सिल्व्हरला १.३ च्या वर जातो. फक्त १९४० ते ४५ चे रुपये यात मधेच कुठेतरी येतील, ते नकली नाहीत हो, सरकारनेच चांदी ९१.७ वरून ५० टक्क्यांवर आणली होती. १९४७ चा तर निकेलचाच, तो खरा असून चुंबकाला चिकटतो 😄

आणि ते रामदरबारवालं १८१८ चं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं लाखोंना विकतात ना, कंपनीने तसं नाणं कधी पाडलंच नाही.