'कुडोस' हे अनेकवचन नव्हे : एक खुलासा

एका विद्यार्थ्याचे कौतुक करताना 'कुडो' आणि अनेकांचे करताना 'कुडोस' म्हणावे, (दोन्ही शाबासकीचे इंग्रजी शब्द म्हणून), असा संदेश जळगाव-धुळ्याकडील शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. तपासून न पाहता मीही तो पुढे पाठवला, ही माझी चूक. 'कुडोस' हा शब्द कीर्ती या अर्थाच्या प्राचीन ग्रीक 'कूदोस'वरून आला असून तो मुळात एकवचनीच आहे; ग्रीक कवी होमरच्या 'इलियड' या महाकाव्यात तो रणांगणावरील गौरवासाठी येतो, तर इंग्रजीत तो ब्रिटिश विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या बोलीतून रुळला. शेवटचा 'स' आपल्या 'पाऊस'मधल्यासारखा शब्दाचाच भाग आहे. त्याला अनेकवचनाचा प्रत्यय समजून 'कुडो' हे रूप पुढे घडवले गेले. काही अमेरिकी शब्दकोशांत ते आढळते, पण म्हणून 'कुडोस' एकासाठी चुकीचे ठरत नाही. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.