फक्त रिकामा पाईप मागितला होता हो!

आज साईटवरून आले ती डोकं धरूनच. नाशिकमध्ये मखमलाबादला आमच्या घराचं बांधकाम चाललंय. सकाळी आठला पोचले तर हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीचं प्लास्टर उरकून गवंडी हात धूत होता. त्या भिंतीत माझा अलार्मचा बॉक्स होता. होता म्हणजे, मी आपली तसं समजून चालले होते.

मागितलं काय होतं ते आधी ऐका. चोरीचा अलार्म आत्ता बसवायचाच नाहीये. पैसे कुठून आणणार, अजून खिडक्यांच्या काचा बाकी आहेत. फक्त भिंती उघड्या आहेत तोवर रिकामे पाईप टाकून ठेवा, दोन-चार वर्षांनी हात मोकळा झाला की वायरी ओढू. जिन्याखालच्या कपाटात पुढे अलार्मचं पॅनल, म्हणजे त्याचा मेंदू, बसणार; तिथून निघून दोन्ही बाहेरच्या दारांना एकेक, खालच्या चारही खिडक्यांना एकेक, हॉलच्या कोपऱ्यात साडेसात फुटांवर हालचाल टिपणाऱ्या सेन्सरला एक, आणि वर पॅरापेटखाली भोंग्याला एक. पुढे वायर ओढायला आत जीआयची तार सोडायची, टोकांना बूच मारायचं. संपलं! दहा फुटी पाईप एका मिसळीच्या पैशात येतो. प्लास्टर, पुट्टी, रंग झाल्यावर तोच पाईप टाकायचा तर ग्राइंडर, गवंडी, रंगारी आणि महिनाभर घरभर धूळ.

यावर वायरमनदादांचा पहिला प्रश्न काय असावा? "साहेबांना विचारलं का?"

साहेब म्हणजे माझा नवरा. शाळेत मराठी शिकवतो. घरात एमसीबी पडला तर तो आधी मला हाक मारतो. आणि मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली, अकरा वर्षं अंबडला कंट्रोल पॅनलचं वायरिंग तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधायचाच मला पगार मिळतो. हे त्या माणसाला तीनदा सांगून झालं. तिन्ही वेळा उत्तर एकच, "हो हो वहिनी, साहेबांशी बोलून घेतो."

मग ज्ञान. "आता सगळं वायरलेस येतं वहिनी, भिंतीत कशाला पैसे गाडताय?" बरं, तयार घरात राहायला गेलेल्या माणसाला मीही वायरलेसच सांगेन, त्यात वाद नाही. पण माझ्या भिंती उघड्या आहेत ना! वायरलेसच्या प्रत्येक सेन्सरमध्ये सेल असतो, तो कधीतरी मरतो, आणि तो बदलायला शिडीवर साहेब चढणार नाहीयेत, मीच चढणार आहे. मध्ये स्लॅब आणि बीम आले की सिग्नलचा जीव जातो तो वेगळाच. आणि पॅनलला लाईटचा पॉइंट लागतोच की, तो काय हवेतून येणार?

इंजिनिअरकडे गेले. तो म्हणाला, हे ड्रॉइंगमध्ये येत नाही, तुम्ही वायरमनला तोंडी सांगा. वायरमन म्हणाला, ड्रॉइंगमध्ये नसेल तर गवंड्याला कसं कळणार? गवंडी म्हणाला, मला कोणी सांगितलंच नाही. शेवटी मी लाल खडूनं विटांवर स्वतः खुणा केल्या, बाणबिण काढून. गवंड्यानं प्लास्टरच्या आधी भिंतीवर पाणी मारलं, खुणा धुऊन निघाल्या. काय बोलणार!

आता जे दोन-तीन पाईप टाकलेत त्यांची कथा. वायरमननं रिकामा पाईप न ठेवता "तुमचं काम सोपं केलं" म्हणून स्वतःच्या मनानं वायर ओढून ठेवली. कुठली? बेलला वापरतात ती दोन तारांची. मी सहा कोअरची सांगणार होते, कारण हॉलमधल्या सेन्सरला दोन तारा सप्लायला, दोन अलार्मला आणि दोन कोणी त्याचं झाकण उघडलं तर ते कळायला. आणि ती बेलची वायर गेली कुठून, तर गिझरच्या पाईपमधून! १२ व्होल्टची वायर २३० व्होल्टच्या वायरीला मिठी मारून बसलीये. म्हटलं, दादा, हे एका पाईपात चालत नाही. तर म्हणे, "वायर ती वायरच ना वहिनी."

चारही खिडक्या त्यानं एकाच माळेत ओवल्यात. मध्ये तीन जोड, काळी टेप गुंडाळून, आता प्लास्टरच्या आत कायमचे. अरे बाबा, खिडकीच्या सेन्सरमध्ये काचेच्या नळीत दोन बारीक पट्ट्या असतात. चुंबक जवळ असेपर्यंत त्या चिकटलेल्या, सर्किट पूर्ण. खिडकी सरकली की सर्किट तुटलं. चोरानं वायर कापली तरी तुटलं, म्हणून तर ही पद्धत. पण टेपचा जोड ओलीनं सुटला तरी ते तुटणारच की! मग आषाढात रात्री तीन वाजता भोंगा, चोर नाही काही नाही, सगळी कॉलनी गॅलरीत, आणि चारातली कुठली खिडकी बोंबलतेय ते पॅनलला सांगता येत नाही, कारण त्याच्या लेखी चारही मिळून एकच.

पॅनलचा बॉक्स मुख्य दारालगत, बेलच्या शेजारी. "दिसायला पाहिजे ना," म्हणे. कोणाला? चोराला? हॉलच्या सेन्सरचा बॉक्स तर थेट पश्चिमेच्या खिडकीसमोर, संध्याकाळचं ऊन तोंडावर. तो सेन्सर बिचारा हलणारी उष्णता बघतो. त्याच्यासमोर ऊन-सावली नाचवायची आणि मग कंपनीला शिव्या घालायच्या की अलार्म खोटा वाजतो.

घरच्यांचं वेगळंच. अण्णा म्हणतात, "आपल्या घरात आहे काय चोरायला?" आई म्हणतात, ग्रिल आहेत ना. अहो, दिवाळीत आपण चार दिवस कळवणला जातो, शेजारचे तीन प्लॉट रिकामे, त्यावर पुरुषभर गवत, रस्त्याचा दिवा अर्धा महिना बंद. त्या ग्रिलजवळ बसून कोणी सावकाश तासभर करवत चालवली तरी कुत्रंसुद्धा भुंकणार नाही.

"नंतर बघू" हा शब्द माझ्या डोक्यात जातो. गावभर तेच. आधी डांबर टाकायचं, मग आठवण येते की अरे, केबल राहिली, की खोदा परत. २०२७ च्या सिंहस्थाच्या नावानं सध्या अर्धं नाशिक उकरलंय, रोज अंबडला जाताना पाठीचे मणके मोजून घेते मी. पण ते सरकारी. माझं घर मी माझ्या कर्जानं बांधतेय, तिथंही मला हेच का?

दुपारभर पाचचं नाणं घेऊन भिंत ठोकत बसले. टक टक टक, मग एका जागी आवाज जरा पोकळ आला. छन्नीनं खरवडलं तर बॉक्स सापडला, काठोकाठ सिमेंटनं भरलेला. बूच मारलंच नव्हतं. सिमेंट पोखरून तारेचं टोक पक्कडीत धरून ओढलं तर चार बोटं तार हातात आली, बाकीची आत. तिथंच पाटीवर बसून मी अक्षरशः रडले. सगळ्या भिंतींचे प्लास्टरआधी फोटो काढलेत मी, टेप लावून, जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. फक्त याच भिंतीचा फोटो नाही. काल शनिवार, ओव्हरटाइम होता.

तर आता ही भिंत फोडायचीच. वरच्या मजल्याला अजून प्लास्टर लागलेलं नाही, तिथं मी कोणाला हात लावू देणार नाही. उद्या रजा टाकलीये. संध्याकाळीच रविवार कारंजाला जाऊन पाईप, बेंड, बॉक्स, बुचं सगळं स्वतः घेऊन आले. स्कूटीवर. दहा फुटी पाईपांचा भारा नवरा मागे बसून आडवा धरून होता, पंचवटी कारंजावर एका रिक्षावाल्यानं आमच्या सात पिढ्या काढल्या.

जेवायला बसलो आणि नवऱ्याचा फोन वाजला. वायरमन. "सर, ते वहिनी जरा चिडल्यात का? तुम्ही समजावून सांगा ना." नवऱ्यानं काही न बोलता फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला.