गल्ल्याची किल्ली भाच्याकडे

ठाण्यात, नौपाड्यात म्हणा किंवा जांभळी नाक्याला, तुमचं फरसाणाचं दुकान असेल आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर तुम्ही कंपनीने दिलं तसंच वापरत असाल, तर तुमचं कसं व्हायचं? शेजारच्याच्या बिलाखाली 'दिवाळीच्या गोड शुभेच्छा' छापून येतं, दोन किलो चिवड्यावर सूट आपोआप बसते. ही सगळी स्क्रिप्टची करामत. सॉफ्टवेअरच्या कानात सांगून ठेवलेल्या चार ओळी. बिल निघताना ते निमूट पाळतं. तुम्हीही लिहून घ्या.

कुणाकडून? भाच्याकडून. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना बाहेरच्याला पैसे मोजले तर ताईला काय वाटेल? तो कुठून तरी चाळीस ओळी उचलून आणेल. त्यातल्या सहा त्याला कळलेल्या असतील. उरलेल्या चौतीस काय करतात हे विचारायचं नाही. 'मामा, चालतंय ना?' म्हटल्यावर तुम्ही तरी काय बोलणार!

आता त्या स्क्रिप्टला लॉगिन द्या, तेही थेट ॲडमिनचं. ज्या लॉगिनने स्क्रिप्ट चालते त्याला जे जे करता येतं, ते सगळं तिलाही करता येतं: दर बदलणं, बिल रद्द करणं, गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर वाचणं. चिवड्याची सूट काढायला एवढं कशाला लागतं, असं विचारणारे कटकटे असतात. काजूकतली तोलणाऱ्या पोऱ्याला मात्र गल्ल्याच्या आसपास फिरकू देऊ नका. त्याच्यावर दोन कॅमेरे लावा. चोरी नेहमी माणूसच करतो.

पासवर्ड मॉनिटरच्या कडेला, लक्ष्मीच्या स्टिकरशेजारी चिकटवा. पेमेंटची गुप्त 'की', म्हणजे किल्ली, स्क्रिप्टमध्येच लिहून ती फाइल घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, म्हणजे बॅकअपही झाला.

बदल करायचा मुहूर्त: धनत्रयोदशी, संध्याकाळी सात, चालू काउंटर. वेगळ्या कॉपीवर आधी चाचणी घेणं हे निवांत लोकांचे धंदे. जुनी फाइल जपायची असेलच, तर नावं अशी द्या: 'बिल फायनल', 'बिल फायनल नवीन', 'बिल खरंच फायनल'. मी एका दुकानात 'बिल फायनल हात लावू नये' पाहिली आहे. चालू होती ती चौथीच.

२२ सप्टेंबर २०२५ ला पाकीटबंद फरसाणावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये दर बदललाच असेल. भाच्याने १२ हा आकडा स्क्रिप्टच्या पोटात टाकून ठेवलाय हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. बिल हातात घेऊन काउंटरवर उभ्या राहिलेल्या जोशीकाकू सांगतील, आणि त्या हळू बोलत नाहीत.

२०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवर चोरांनी २२ ओळी घुसवल्या आणि लाखो लोकांची माहिती पळवली. २०२० मध्ये कंपनीला २ कोटी पौंड दंड झाला. कार्डांच्या सुरक्षेचा पीसीआय डीएसएस हा नियमसंच तर म्हणतो, ऑनलाइन पेमेंटच्या पानावर चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टची यादी ठेवा, ती कशाला लागते ते लिहा, तिला मंजुरी घ्या, कुणी परस्पर बदलली तर कळेल अशी सोय करा. ३१ मार्च २०२५ पासून हे सक्तीचं आहे. पण ती पडली विमान कंपनी. आपण शेव विकतो.

शेवटी बिलावर रकमेसकट क्यूआर छापून घ्याच. फार देखणा दिसतो. त्याच्या पोटात 'पीए' नावाचा एक तुकडा असतो, पैसे कोणाच्या यूपीआयवर जायचे तो पत्ता. स्क्रिप्टमध्ये ती एक ओळ कुणी बदलली, तरी क्यूआर तितकाच देखणा दिसतो. ते काळे-पांढरे चौकोन डोळ्यांनी वाचणारा अजून जन्मायचाय. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर हिरवी खूण उमटते, तो पिशवी उचलून राम मारुती रोडच्या गर्दीत मिसळतो. काउंटरवरचा साउंडबॉक्स तेवढा गप्प राहतो. त्याला फक्त तुमच्याच खात्यातले पैसे कळतात.

बराच वेळ गप्प राहिला तर तो चार्जिंगला लावा.